मांडवांतील तिऱ्हाईत

लग्नाच्या मांडवांत प्रत्येक माणसाला कांहीं ना कांहीं नातें असतें. कोणी मामा, कोणी मावशी, कोणी करवली, कोणी विहीण. आचाऱ्यालासुद्धां दोन्ही घरचीं माणसें आपुलकीनें हांक मारतात, आणि गुरुजींचा मान तर सर्वांच्या वरचा. ज्याला कसलेंच नातें नाहीं असा एकच इसम तेथें वावरत असतो, आणि तो म्हणजे फोटोवाला. पण गंमत अशी कीं, अंतरपाटाच्या वेळीं वधूचा मामा तिच्या जितका जवळ उभा असतो तितकाच हा तिऱ्हाईतही असतो. वधूचे डोळे भरून आले हें पुष्कळदां तिच्या आईच्याही आधीं त्याला दिसतें. गेलीं तीस वर्षें मी हा तिऱ्हाईत म्हणून पुण्यांतील व आसपासच्या गांवांतील मंगल कार्यालयांतून उभा आहें. या अवधींत कॅमेरे बदलले, पोशाख बदलले, पंगतींच्या जागीं उभ्यानें जेवण्याची रीत आली. पण यजमानांचा पहिला प्रश्न कांहीं बदलला नाहीं. "फोटो चांगले येतील ना?" असें ते विचारतात. उत्तरादाखल "हो" म्हणणें सोपें आहे. परंतु 'चांगले' म्हणजे काय, याविषयीं त्यांच्या मनांत एक कल्पना असते आणि माझ्या मनांत दुसरी. पुढें जे रुसवेफुगवे होतात ते बहुधा या दोन कल्पनांच्या अंतरामुळेंच. म्हणून ज्यांच्या घरीं कार्य निघालें असेल, किंवा आज ना उद्यां निघणार असेल, अशा वाचकांशीं या धंद्याविषयीं चार मोकळ्या गोष्टी बोलाव्या, असा आजचा बेत आहे.

हा धंदा आपल्याकडे तसा बराच जुना. दागेर या फ्रेंच गृहस्थाची प्रकाशाकडून चित्र काढवून घेण्याची कृति १८३९ सालीं पॅरिसमध्यें जगजाहीर झाली, आणि पुढें अवघ्या पंधरा वर्षांनीं, म्हणजे १८५४ सालीं, मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्वान् गृहस्थ तिचे सभासद होते. पुढें चित्रपटामुळें कीर्तीस चढलेल्या दादासाहेब फाळक्यांनींही आरंभीं गोध्रा येथें फोटोग्राफीचें दुकान थाटलें होतें. पण कॅमेरा माणसाचें आयुष्य ओढून घेतो या समजुतीमुळें लोक त्यांच्यापुढें बसावयास कचरत, असें सांगतात. कचरत कचरत का होईना, लोक बसूं लागले. आपल्या जुन्या वाड्यांच्या माजघरांत पणजोबा-पणजींचें एखादेंच चित्र टांगलेलें असे, तें या काळचें. लग्नानंतर सवडीनें स्टुडिओंत जाऊन तें काढलेलें असावयाचें. पणजोबा खुर्चीवर, पणजी शेजारीं उभी, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर हंसूं म्हणून नाहीं. तीं माणसें दुःखी होतीं असें नव्हे. त्या काळच्या मंद कांचेवर चित्र उमटण्यास कांहीं क्षण निश्चळ राहावें लागे, आणि हंसूं तितका वेळ टिकत नसे. शिवाय चारचौघांत दांत दाखविणें हें शिष्टसंमतही नव्हतें. त्या एका चित्रावर तीन पिढ्यांचें समाधान झालें.

मी या धंद्यांत पडलों तेव्हां फिल्मचें राज्य होतें. एका रिळांत छत्तीस चित्रें, आणि एका लग्नास फार तर दहा रिळें. प्रत्येक वेळीं कळ दाबतांना खिशांतून पैसा निघाल्याची जाणीव होई, आणि काय साधलें हें रीळ धुऊन येईपर्यंत कळत नसे. आज माझे दोन सहकारी आणि मी मिळून एका दिवसांत तीन-चार हजार चित्रें सहज घेतों. साहजिकच यजमान म्हणतात, "सगळींच द्या कीं, तुम्हांला काय त्याचें?" त्यांना मी नम्रपणें सांगतों कीं, सहाशेंच्या आसपास चित्रें आपणांस मिळतील, आणि तीं निवडण्याचेच मुख्यतः आपण मला पैसे देत आहांत. उरलेल्या चित्रांत कोणाचे डोळे मिटलेले असतात, कोणाच्या तोंडांत घांस असतो, आणि एकाच प्रसंगाचीं पंधरा पंधरा चित्रें असतात. तांदूळ निवडून देणाऱ्या बाईनें खडे कां दिले नाहींत, असें आपण तिला विचारीत नाहीं. ही निवड, रंगांची तजवीज आणि अल्बमची मांडणी यांस लग्नसराईंत सहा ते आठ आठवडे लागतात. चार दिवसांत सर्व कांहीं हातीं देण्याचें वचन जो देतो, त्याच्याकडे थोड्या संशयानें पाहावें.

आतां प्रत्यक्ष कार्याकडे वळूं. मंगलाष्टकें संपतात, अंतरपाट दूर होतो, अक्षता उधळल्या जातात, आणि वधूवर एकमेकांस प्रथम पाहतात. हा सारा खेळ फार तर दोन श्वासांचा. त्याची तयारी मात्र अर्ध्या तासाची. उडणाऱ्या अक्षतांपैकीं एखादा दाणा कॅमेऱ्याच्या नजरेंत भरला तर तो तेवढा स्पष्ट येतो आणि वधूचा चेहरा धूसर होतो. म्हणून अशा वेळीं यंत्राच्या शहाणपणावर विसंबून चालत नाहीं, नजर आपल्या हातानें आधींच ठरवून ठेवावी लागते. दिव्यांचीही तीच गोष्ट. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनांची आहे, त्यामुळें हलक्या प्रतीचे दिवे सेकंदास १०० वेळां मिणमिणतात. डोळ्यांना तें जाणवत नाहीं. पण सेकंदाच्या अडीचशेव्या हिश्शांत चित्र घेणाऱ्या कॅमेऱ्याला तें जाणवतें, आणि चित्रावर काळसर पट्टे उमटतात. हौसेनें लावलेले जांभळे-निळे दिवे तर हळदीनें उजळलेल्या चेहऱ्यावर अशी कांहीं कळा आणतात कीं वधू आजारी असावी असा भास होतो. यावर तोड साधी आहे. मुहूर्ताच्या घटकेपुरते रंगीत दिवे मालवावयास कार्यालयाच्या व्यवस्थापकांस आदल्या दिवशीं सांगून ठेवावें, आणि शक्य असेल तेथें खिडक्या उघडाव्या. सकाळचा उजेड फुकट मिळतो, आणि त्याच्या तोडीचा दिवा अद्याप मला विकत मिळालेला नाहीं.

दुसरी अडचण पाहुण्यांची. अंतरपाट दूर होतांच पन्नास हात वर होतात आणि प्रत्येक हातांत मोबाइल असतो. जो क्षण पाहावयास ही मंडळी नाशिकहून, नागपुराहून, क्वचित् अमेरिकेहून आलेली असतात, तो क्षण तीं तळहाताएवढ्या कांचेंत पाहतात. चित्रांतही मग वधूवरांच्या सभोंवार मोबाइलच मोबाइल येतात. घरांतल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसानें आधीं उठून, "मंडळी, पांच मिनिटें मोबाइल खिशांत असूं द्या, अक्षता दोन्ही हातांनीं टाका," एवढें सांगितलें तर लोक ऐकतात, असा माझा अनुभव आहे. हें सांगण्याचा अधिकार घरच्या माणसाचा. फोटोवाल्यानें सांगितलें तर त्यांत त्याचा स्वार्थ दिसतो.

परंतु स्वतःच्या जातभाईंविषयीं न बोलतां पाहुण्यांनाच दोष देणें न्यायाचें होणार नाहीं. विधि चालू असतां "गुरुजी, जरा थांबा," "ताई, हार पुन्हां एकदां घाला, इकडे बघून," असें म्हणण्याची एक खोड या धंद्यांत शिरली आहे. एका लग्नांत चलच्चित्र घेणाऱ्या मंडळींनीं लाजाहोम चालू असतां तिसऱ्यांदा थांबावयास सांगितलें, तेव्हां गुरुजींनीं पोथी मिटली आणि शांतपणें म्हणाले, "तुमचें झालें म्हणजे मला बोलवा. अग्नि तोंवर थांबत असेल तर पाहा." मांडवांत जी शांतता पसरली ती मला अजून आठवते. विधि हा चित्रासाठीं नसतो. चित्र विधीसाठीं असतें. सजावटीपुढें उभें राहून, झाडाखालीं बसून, हातांत हात घेऊन हवीं तितकीं चित्रें काढून घ्या. त्यासाठीं विधींच्या आधीं किंवा नंतर तासभर राखून ठेवा, आम्ही आनंदानें येऊं. पण गुरुजींनीं आचमन सांगितलें कीं पुढें आम्ही मांडवांत आहों हें कोणास कळूंही नये, असा आमच्याकडून आपण आग्रह धरावा. तो धरण्याचा आपणांस हक्क आहे.

येथें मला एक गोष्ट जरा आग्रहानें सांगावयाची आहे. अक्षता पडल्या कीं लग्न लागलें, अशी आपली सर्वांची समजूत. वाद्यें वाजतात, पेढे फिरतात, आणि पाहुण्यांचे पाय जेवणाकडे वळतात. पण खरें लग्न अजून पुढेंच असतें. होम पेटतो, वधूचा भाऊ तिच्या ओंजळींत लाह्या घालतो, वराचा कान पिळून आपला मान वसूल करतो, आणि मग सप्तपदी होते. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याचें सातवें कलम सांगतें कीं, ज्या विवाहविधींत सप्तपदीचा समावेश असतो त्यांत वधूवरांनीं अग्नीसमोर सातवें पाऊल टाकलें म्हणजे विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. सर्वोच्च न्यायालयानेंही २०२४ सालच्या एका निकालांत बजावलें कीं, हिंदु विवाह म्हणजे नाचगाण्याचा व खाण्यापिण्याचा प्रसंग नव्हे, आणि विधि झालेलेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्यानें विवाह सिद्ध होत नाहीं. म्हणजे शास्त्र आणि कायदा या दोहोंच्या दृष्टीनें ज्या पावलावर लग्नाची सिद्धि अवलंबून, तें पाऊल पडतें तेव्हां मांडवांत कोण असतें? गुरुजी, वधूवर, तिचा भाऊ, एखादी आत्या, आणि आम्ही. शेंकडों माणसांच्या लग्नाला त्या घटकेस दहा साक्षीदार नसतात.

म्हणून माझ्या पथकाचा नियम असा कीं, सातवें पाऊल पडेपर्यंत कोणीही जेवावयास जावयाचें नाहीं. धुरानें डोळे झोंबत असतात, वधू दमलेली असते, शालूचा पदर आणि शेल्याची गांठ सांभाळीत ती एकेका तांदळाच्या राशीवर पाऊल ठेवीत असते, आणि तिला पाहावयास कोणी नाहीं म्हणूनच तिचा चेहरा सकाळपासून प्रथमच तिचा स्वतःचा असतो. स्वागतसमारंभाच्या दोनशें चित्रांत जें नसतें तें मला या सात पावलांत अनेकदां सांपडलें आहे. आपण फोटोवाला ठरवाल तेव्हां त्याचा एखादा पूर्ण अल्बम पाहावयास मागा. निवडक वीस चित्रें पाहून फसूं नका. आणि त्यांत सप्तपदीचीं चित्रें आहेत कीं नाहींत, तेवढें आधीं पाहा.

आजकाल यजमान भेटावयास येतात ते मोबाइलवर चित्रें साठवून घेऊन येतात. अमक्या नटीच्या लग्नांत वधू जिन्यावर अशी उभी होती, तमकीनें पदर असा उडविला होता; तसें आम्हांलाही हवें. त्यांना मी नाहीं म्हणत नाहीं. हौस ही हौस आहे, आणि लग्न एकदांच होतें. पण त्या यादीबरोबर मी दुसरी एक यादी मागतों. ती माणसांची. घरांत वडील कोण, वधूला लहानपणीं कोणी सांभाळलें, वराच्या शिक्षणाची फी कोणत्या काकांनीं भरली, कोठीच्या खोलीची जबाबदारी कोणत्या मावशीवर आहे, हें मला आधीं समजलें पाहिजे. कोठीवरची मावशी हा तर सर्वत्र आढळणारा प्रकार. तीन दिवस ती नारळ, सुपाऱ्या आणि आहेरांचा हिशेब सांभाळीत असते, आणि अल्बममध्यें ती कोठेंच नसते. दोन भावांत अबोला असेल तर तोही मला खासगींत सांगावा. समूहचित्रांत त्यांना खांद्याला खांदा लावून उभें करण्याचा प्रसंग मग टळतो.

आणि त्या यादीसाठीं मी आणखी एक प्रश्न विचारतों: "घरांतलें कोण कॅमेऱ्यापुढें येत नाहीं?" या प्रश्नाचें महत्त्व मला एका लग्नांत समजलें. वधूचे वडील ती शाळेंत असतांनाच वारले होते. आई बँकेंत नोकरीला. मुलीला इंजिनिअर केलें तें तिनें. कन्यादान मुलीचे काका-काकू करणार होते. काकू स्वभावानें फार चांगल्या. पण जुन्या घराची रीत कोणी मोडली नव्हती, कोणी मोडा असें सुचविलेंही नव्हतें. मी आईंना समूहचित्रासाठीं बोलावूं लागलों तर त्या हंसून म्हणत, "अहो, मी नको. कन्यादान मोठे भावजी आणि जाऊबाई करताहेत, त्यांचे घ्या." दुपारपर्यंत माझ्याजवळ त्यांचें एकही चित्र नव्हतें. त्या सतत कोठल्या तरी खांबाच्या मागें, नाहीं तर कामांत.

मुलगी पिवळी अष्टपुत्री नेसून गौरीहराशीं बसली होती. बाहेर वराकडची मंडळी आल्याची धांदल उडाली, आणि खोलींत माझी सहकारीण तेवढी उरली. तेव्हां आई आंत आल्या, वांकून मुलीच्या मुंडावळ्या सारख्या केल्या, आणि परत वळूं लागल्या. मुलीनें वर न पाहतांच त्यांचें मनगट धरलें. दुसऱ्या हातानें ती गौरीला अक्षता वाहतच होती. बस्स, एवढेंच. सहकारिणीनें जागेवरून न हालतां दोन चित्रें घेतलीं. अल्बमचीं चित्रें निवडावयास मुलगी आली तेव्हां तिनें बाकीचीं चाळलींही नाहींत. "पहिल्या पानावर हें," म्हणाली. काकूही बरोबर होत्या. त्या पुष्कळ वेळ त्या चित्राकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "वहिनींना आम्ही बोलवायला हवें होतें." पुढें आई अल्बम न्यावयास आल्या, त्यांनीं त्या चित्राची एक लहानशी प्रत मागितली. "पाकिटांत राहील एवढीच द्या," म्हणाल्या.

घराच्या रीतिभाती बदलणें हें फोटोवाल्याचें काम नव्हे. तो तिऱ्हाईत आहे आणि त्यानें तिऱ्हाईतच राहावें. पण जें आहे तें पाहणें हें त्याचें काम आहे. ज्यांच्या घरीं अशी आई, अशी आत्या, अशी मोठी वहिनी असेल त्यांना माझें सांगणें इतकेंच कीं, तिला हाताला धरून आणण्याचें काम आमच्यावर सोडूं नका. तें घरच्या माणसानें केलें तर त्याला शोभा आहे. या कामांत स्त्रियांचा हात असणें किती उपयोगाचें, हेंही या प्रसंगावरून दिसेल. वधूच्या खोलींत पुरुष फोटोवाला गेला कीं सगळ्या एकदम सावरून बसतात. होमाय व्यारावाला यांनीं गेल्या शतकाच्या पूर्वार्धांत वृत्तपत्रांसाठीं छायाचित्रें काढण्यास आरंभ केला तेव्हां या देशांत तसें करणारी दुसरी स्त्री नव्हती. आज लग्नाच्या धंद्यांत उत्तम काम करणाऱ्या मुली पुष्कळ आहेत. आपल्या फोटोवाल्याच्या पथकांत एखादी आहे कीं नाहीं, हें जरूर विचारावें.

आतां थोडी अप्रिय वाटेल अशी गोष्ट सांगतों. लग्नाच्या चित्रांना नंतर जी मागणी येते ती बहुधा दुःखाच्या दिवसांत येते. दोन-चार वर्षांनीं एखाद्या रात्रीं फोन येतो, "आजोबा गेले. त्यांचा एकट्यांचा फोटो आहे का हो? लग्नांत ते बसले होते." घरोघरीं भिंतीवर हार घातलेलीं जीं चित्रें असतात त्यांतलीं पुष्कळशीं अशींच कोणाच्या तरी लग्नांतल्या समूहचित्रांतून कापून काढलेलीं असतात, नीट पाहिलें तर एका खांद्यावर शेजारच्या माणसाचा हात उरलेला दिसतो. म्हणून प्रत्येक लग्नांत मी एक काम न सांगतां करतों. सकाळचा उजेड चांगला असतां दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांस एका खिडकीपाशीं खुर्चीवर बसवून प्रत्येकाचें एक स्वतंत्र चित्र घेतों. आजोबांना टोपी सरळ करावीशी वाटते, आजीला चष्मा काढूं कीं ठेवूं असा प्रश्न पडतो. मी "ठेवा" म्हणतों. नातवंडांनीं आजीला चष्म्यावांचून कधीं पाहिलेलें नसतें.

चित्रें तयार होतांना आणखी दोन मागण्या येतात. पहिली गोरेपणाची. "वधूचा रंग जरा उजळा," असें वराकडचे नव्हे, तर बहुधा वधूकडचेच लोक सांगतात. मुरूम पुसावा, घामाची चकाकी कमी करावी, हें मी करतों. तें उद्यां राहणारच नसतें. पण रंग हा तिचा आहे. सांवळ्या मुलीला पिठासारखी पांढरी करून दिलेलें चित्र तिला आयुष्यभर एकच गोष्ट सांगत राहील, कीं तूं होतीस तशी आम्हांला चालली नाहींस. असें चित्र मी देत नाहीं, आणि तें आधींच सांगतों.

दुसरी मागणी अधिक कठीण, कारण तिच्यामागें माया असते. वर्षापूर्वीं वारलेले वडील समूहचित्रांत आणून बसवा, असें मुलें म्हणतात. आतां यंत्रांना हें इतकें बेमालूम साधतें कीं कोणास शंकाही येऊं नये. मी त्यांना दुसरा मार्ग सुचवितों. वडिलांची तसबीर घेऊन या. पुढच्या रांगेंत एक खुर्ची मोकळी ठेवूं, तिच्यावर ती ठेवूं, आणि सर्वांनीं तिच्या भोंवतीं उभें राहावें. बहुतेकांना तें पटतें. चित्र घेतांना कोणी तरी रडतें. पण तें चित्र खरें असतें. पन्नास वर्षांनीं पाहणाऱ्या पणतूला त्यांतून कळेल कीं, आजोबा त्या दिवशीं नव्हते आणि तरी त्यांची जागा राखली होती. यंत्रानें बसविलेल्या चित्रांतून त्याला कळेल तें खोटें असेल, आणि एक चित्र खोटें निघालें म्हणजे सबंध अल्बमची साक्ष लटकी पडते.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यांत आटोपतों. किती तास, किती माणसें, किती चित्रें, अल्बमचीं पानें किती, तारीख कोणती, आणि ऐन वेळीं मी आजारी पडलों तर माझ्या जागीं कोण येणार, हें सर्व कागदावर लिहून घ्यावें. जो लिहून देत नाहीं त्याला विसार देऊं नये. उत्तम कॅमेऱ्यांत दोन कार्डें असतात आणि प्रत्येक चित्र दोन्हींवर उतरतें. आपला फोटोवाला तसें करतो का, हें विचारावें. चित्रें हातीं आलीं म्हणजे त्यांच्या तीन प्रती कराव्या आणि एक दुसऱ्या घरीं ठेवावी. निदान पन्नास चित्रें तरी कागदावर उतरवून घ्यावींत, कारण यंत्रांतली तबकडी पूर्वसूचना न देतां मरते आणि कागद हळूहळू पिवळा पडतो. ड्रोनची हौस असेल तर कार्यालय विमानतळाच्या टापूंत येतें का हें आधीं पाहावें; तेथें परवानगीवांचून तो उडवितां येत नाहीं.

मालकीविषयींही गैरसमज फार. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या सतराव्या कलमाप्रमाणें, पैसे देऊन एखाद्यानें छायाचित्र काढवून घेतलें तर, उलट करार नसल्यास, त्या चित्राच्या स्वामित्वहक्काचा पहिला धनी काढवून घेणारा असतो. चित्राचा कर्ता मात्र छायाचित्रकारच राहतो. अर्थात् आपल्या मुलीचें चित्र फोटोवाल्यानें जाहिरातीसाठीं चारचौघांत मांडावें कीं नाहीं, हें ठरविणें आपल्या हातीं आहे. पण करारावर सही करतांना त्यांत आपण काय लिहून देत आहों, हें वाचून पाहावें. मी प्रत्येक चित्रासाठीं वेगळें विचारतों. पुष्कळ मुली "हो" म्हणतात, कांहीं "नको" म्हणतात, आणि "नको" या शब्दाचें कारण मी विचारीत नाहीं.

राहतां राहिली एक लहानशी विनंति. सकाळीं सहापासून उभ्या असलेल्या फोटोवाल्यांना शेवटच्या पंक्तीची वाट पाहावयास लावूं नये. सप्तपदी झाली कीं त्यांची पानें मांडावींत. पुढें सूनमुख, झाल आणि वरात असते, आणि विहिणीनें आरशांत सुनेचा चेहरा पाहावयाचा तो क्षण भुकेल्या माणसाच्या हातून निसटण्याचा संभव असतो.

तुळशीचें लग्न झालें कीं मुहूर्त सुरू होतील, आणि पुष्कळ घरांतून फोटोवाल्याची चौकशी निघेल. त्याआधीं एका संध्याकाळीं घरांतल्या सर्व लहानथोरांनीं एकत्र बसावें आणि कार्यास कोण कोण येणार त्यांचीं नांवें लिहून काढावींत. निमंत्रणाची यादी निराळी, ही निराळी. हींत नव्वदीच्या आजींचें नांव असावें, कोठीवरच्या मावशीचें असावें, खांबामागें उभ्या राहणाऱ्या वहिनींचें असावें, आणि वाडा सुटला तरी दर कार्याला न बोलावतां येणाऱ्या जुन्या शेजाऱ्यांचेंही असावें. लिहितां लिहितां कोणाचें नांव आधीं सुचत नाहीं, याकडेही लक्ष असूं द्यावें. ती यादी घेऊन आमच्याकडे यावें. उजेडाचें आणि कॅमेऱ्याचें काय तें आम्ही पाहूं.